उकंडभाऊंचा वाफसा

उकंडभाऊ माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली किलोभर काळी माती आणून माझ्या टेबलावर ठेवली. टेबलावर एका मसालेवाल्याच्या ट्रेडमार्कचे कागद पसरलेले होते. "कागद उचला बाई, खराब होतीन," ते म्हणाले. माती उचलायचं काही त्यांच्या मनात आलं नाही.

अमरावतीत माझं काम बहुतेक ट्रेडमार्कचं. पापड, मसाले, अगरबत्ती. पेटंटचं काम वर्षात एखादं आलं तर आलं. मी परीक्षा देऊन पेटंट एजंट झाले, वकील नाही, हे मी येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे लोक भांडतात. उकंडभाऊंनाही सांगितलं. "एजंट तं विम्याचा असते," ते म्हणाले. "तुमी वकीलच बऱ्या." तेव्हापासून मी वकीलबाई झाले ती झालेच.

माणूस बुटका, अंगाने वाळका, गळ्यात दुपट्टा. उभी हयात सरकारी वृक्षलागवडीवर मुकादम म्हणून गेली, बरीचशी नांदगाव खंडेश्वर तालुक्यात. निवृत्त झाल्यावर वलगावच्या रस्त्याला छोटी रोपवाटिका टाकली. नावाचा किस्सा ते स्वतःच सांगत. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईने ह्यांना जन्मल्याबरोबर उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवलं आणि उचलून घेतलं. "शेणखताचा न माहा संबंध तथूनचा हाये," असं म्हणून ते हसायचे नाहीत, समोरच्याला हसू द्यायचे.

बोलण्यात त्यांचे काही नियम होते आणि ते नियम आपल्यालाही लागू असत. 'झाड लावलं' असं त्यांच्यासमोर म्हणता येत नसे. मी एकदा म्हटलं की आमच्या कॉलनीत मागच्या वर्षी कडुनिंबं लावली. "टोचली म्हणा," ते म्हणाले. "दोन उन्हाळे निंघाले का मंग लागली म्हणजो. टोचणारे लय हायेत." पुढे पाहुण्यांशी बोलतानाही माझ्या तोंडात 'टोचली' यायला लागलं आणि नवरा माझ्याकडे बघायला लागला.

दुसरा नियम आकड्यांचा. त्यांना किती असं विचारलं की उत्तर यायचं, "पाहून सांगतो." खड्डा किती खोल? पाहून सांगतो. पाणी किती दिवसांनी? पाहून सांगतो. सुरुवातीला मला वाटलं माणूस टाळतोय. तसं नव्हतं. ते खरंच जाऊन पाहायचे आणि दोन दिवसांनी फोन करून सांगायचे, आणि ते उत्तर फक्त त्याच एका खड्ड्यापुरतं असायचं.

मुकादम असतानाची एक गोष्ट त्यांच्या जुन्या सोबत्यांकडूनही मी ऐकली आहे. ऐन पावसाळ्यात मोठा साहेब येणार, त्याच्या हस्ते लागवड, फोटो, सगळं ठरलेलं. वावरात पोटरीएवढा चिखल. उकंडभाऊंनी साहेबाच्या हाताने रोपं खड्ड्यात ठेवून घेतली, पिशवीसकट. वर चिखल सारला, टाळ्या झाल्या, गाड्या गेल्या. मग मजुरांना घेऊन सगळी रोपं परत उपसून झाडाखाली सावलीत मांडली आणि चार-पाच दिवसांनी, वाफसा झाल्यावर, नीट लावली. कोणीतरी चहाडी केली. आदेशाचं पालन का केलं नाही म्हणून लेखी खुलासा मागवला गेला. ह्यांचा खुलासा एका ओळीचा होता: "वाफसा नव्हता." त्या वर्षीची त्यांची पगारवाढ अडली, झाडं मात्र अजून उभी आहेत. मी नांदगावला जाताना पाहिली आहेत.

वाफसा म्हणजे काय हे वऱ्हाडात कोणाला सांगावं लागत नाही. पाऊस पडून गेल्यावर काळी जमीन धड चिखल नसते, धड कोरडी नसते, औत चालतं, पेरलेलं उगवतं, तो दिवस. कधी दोन दिवस टिकतो, कधी अर्धाच. पण हा शब्द वऱ्हाडाबाहेरच्या कागदावर बसवायचा झाला की माणसाची काय गत होते, ते मी पुढे भोगलं.

त्यांनी शोधलं होतं ते एक कडं. भाजलेल्या मातीचं, हातभर रुंद, कडेने उभ्या चिरा पाडलेलं. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, आणि भेग पडताना कोवळ्या रोपाच्या मुळ्या तटातट तुटतात. नांदगावला एका उजाड पट्ट्यात त्यांना एकच कडुनिंब जिवंत दिसला. खाली उकरलं तर तो फुटक्या रांजणाच्या गळ्यातून वर आलेला. भेगा रांजणाच्या काठापर्यंत येऊन बाजूने वळलेल्या. तेव्हापासून दहा-बारा वर्षं ते कडी भाजून घेत होते, पुरत होते, उपसून पाहत होते. सगळी गोम एकाच गोष्टीत होती. कड्यातली माती वाफशावर भरून दाबायची. ओली दाबली तर वाळून तिची वीट होते आणि रोप गुदमरतं. कोरडी भरली तर पहिल्या पावसात खाली बसते आणि मूळ उघडं पडतं.

मग पेटंट कशाला पाहिजे होतं? त्यांनी दाराबाहेर चपलांपाशी ठेवलेलं दुसरं गोणपाट उचलून आणलं आणि उलगडलं. आत एक कडं होतं, कड्यात दगडासारखा गोळा आणि गोळ्यात वाळलेली काडी.

झालं होतं असं. त्यांनी आपल्या पद्धतीचं एक पत्रक छापून वाटलं होतं. त्यात लिहिलं होतं, 'कड्यात वाफशावर माती भरावी.' छापखान्यात मजकूर तपासणाऱ्या एका सद्गृहस्थांना वाफसा हा शब्द गावंढळ वाटला. त्यांनी तो काढून 'योग्य ओलाव्यात' असं शुद्ध मराठीत करून दिलं. ते पत्रक वाचून अकोल्याच्या बाजूला एका ठेकेदाराने रस्त्याकाठी पद्धतशीर लागवड केली. भर उन्हात टँकर लावला, चिखल केला, कड्यांत दाबून भरला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सगळी रोपं मेली. आणि रस्त्यावर पाटी तशीच उभी: उकंडराव पद्धतीने लागवड.

"मी गेल्तो त्याच्याकडे," उकंडभाऊ म्हणाले. "म्हटलं, पाटी काढ बाप्पा. तं तो म्हणे, काहून काढू? तुमच्या कागदात लिहेल हाये योग्य ओलावा. आमाले टँकरचा ओलावा योग्य वाटला. आता सांगा, त्याचं काय चुकलं?"

मी कड्यातल्या त्या वाळलेल्या काडीला बोट लावून पाहिलं.

"लोक म्हणून राहिले, उकंडच्या पद्धतीनं झाडं मरतात. मले असा कागद पायजे बाई, का वाफसा न पाहता कोणी लावलं तं ते माह्या पद्धतीचं नाई. सरकारी शिक्क्यानं. अन् त्यात योग्य हा शब्द नाई पायजे."

"नाही येणार," मी म्हटलं. अगदी सहज म्हटलं.

नुसत्या लागवडीच्या रीतीला आपल्या कायद्यात पेटंट मिळत नाही, वस्तू लागते. वस्तू होती. तेव्हा कडं, त्याच्या चिरा आणि त्यात भरायची माती, असा एक संच मी अर्जात मांडायचं ठरवलं. पेटंटच्या अर्जात दोन भाग असतात. एक वर्णन, ते कितीही लांब चालतं. दुसरा दावा. दाव्यात जेवढं लिहाल तेवढंच तुमचं, म्हणून तिथे शब्द न् शब्द तोलून लिहायचा असतो. हे मी शिकलेले आहे, आणि शिकवण्या घेऊन दुसऱ्यांना शिकवलेलंही आहे.

वर्णनासाठी मी त्यांना चार-पाच वेळा बोलावलं. ते बोलायचे, मी उतरवायचे. वाफसा कसा ओळखायचा हे त्यांनी तीनदा तरी सांगितलं. मूठभर माती घ्यायची, आवळायची. लाडू झाला पाहिजे, तळव्याला चिखलाची राड लागली नाही पाहिजे. मग लाडू कमरेपासून खाली सोडायचा. फुटून भुगा झाला तर वाफसा. नाही फुटला तर थांबायचं. लाडूच झाला नाही तर वेळ गेली. मी ते सगळं इंग्रजीत घातलं, थोडं कौतुकानेच. भरताड म्हणून वाईट नव्हतं.

मग दावा लिहायला बसले. वर्षानुवर्षांची सवय हाताला असते. दाव्याच्या तिसऱ्या ओळीत मी लिहिलं, 'सूटेबल मॉइश्चर'.

माझ्या डोक्यात काही आलंही नाही. अर्ज गेला. दीड-दोन वर्षांनी तपासणीचा अहवाल आला. उकंडभाऊ ऑफिसात आले, नेहमीसारखे खुर्चीच्या काठावर बसले आणि म्हणाले, "मराठीत वाचा." मी वाचत गेले. आधीच्या परदेशी शोधांची यादी, त्याचं उत्तर देता येण्यासारखं होतं. मग पुढची हरकत आली. मी ती मनात इंग्रजीत वाचली आणि तोंडाने मराठीत बोलले: दाव्यातील 'योग्य ओलावा' या शब्दांचा अर्थ स्पष्ट होत नाही.

मला माझाच आवाज ऐकू आला. उकंडभाऊंनी मान वर केली.

"कोणता शब्द म्हणता?"

मी परत वाचलं. काय करणार?

"तुमीबी तेच लिहिलं," ते म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मी काहीतरी कायद्याचं सांगून वेळ मारून नेली असती. त्यांनी दुपट्टा नीट केला, चहा येत होता तो नको म्हणाले आणि चपला घालून गेले. मला इतकी लाज आयुष्यात क्वचित वाटली आहे. छापखान्यातल्या त्या गृहस्थांना मी मनातल्या मनात काय काय नावं ठेवली होती.

उत्तराला मुदत होती. त्यांचा फोन येईना. आठवडाभर वाट पाहिली आणि मीच वलगावला गेले. ते सीताफळाच्या रोपांत बसले होते. "भाऊ, मी चुकले," मी उभ्या उभ्याच म्हटलं. त्यांनी वर पाहिलं, बाजूची मूठभर माती उचलली आणि माझ्या हातात दिली.

"सांगा. झाला का वाफसा?"

मी आवळली. लाडू झाला. मी म्हटलं, झाला.

"टाका खाली."

टाकला. पडला तसाच पडून राहिला, गोल.

"तुमचं लिहिणंबी असंच झालं," ते म्हणाले. मग हात धुतले आणि सुनेला हाक मारून दोन चहा सांगितले, तेव्हा मला कळलं की प्रकरण मिटलं.

मला सोपा रस्ता सुचत होता. आकडा टाकायचा. माती अकोल्याच्या प्रयोगशाळेत द्यायची, ओलावा टक्क्यांत काढायचा, दाव्यात तेवढा घालायचा. वर्णनात टक्के नव्हते, त्यामुळे तो आकडा नंतर घुसवणं कायद्याने अवघडच होतं. पण मी म्हटलं, पाहू तर खरं. उकंडभाऊंनी तीन ठिकाणची माती दिली, तिन्ही त्यांनी स्वतः वाफशावर धरलेली. एक वलगावची, एक नांदगावची, एक चिखलदऱ्याच्या घाटाखालची, मुरमाड. तिन्हींचे आकडे एकमेकांपासून लांब आले. तिथले तज्ज्ञ भले होते, म्हणाले, सरासरी घ्या ना.

"साहेब," उकंडभाऊ त्यांना म्हणाले, "वलगाव अन् नांदगाव मिळून जे सरासरीचं वावर होते, ते कोठी हाये? मले दाखवा, मी तथी लावतो."

तज्ज्ञ हसले. परतीच्या एस.टी.त मूर्तिजापूर येईपर्यंत उकंडभाऊ खिडकीबाहेरची वावरं पाहत होते. मग एकदम म्हणाले, "तुमी ते लाडवाचं लिहिलं होतं ना? का तेबी योग्य करून टाकलं?"

ते मी जसंच्या तसं लिहिलं होतं. आणि वर्णनात आहे ते दाव्यात आणता येतं. एजंट मी, पण वाट त्यांनी दाखवली, हे कबूल केलं पाहिजे. मी दावा दुरुस्त केला. 'सूटेबल' काढलं. तिथे वाफसा हाच शब्द रोमन अक्षरांत घातला आणि पुढे त्याची व्याख्या म्हणून मूठ, लाडू, कंबर आणि भुगा.

सुनावणी व्हिडिओवर झाली, माझ्याच ऑफिसातून. समोर एक तरुण अधिकारी बाई, हिंदी बोलणाऱ्या, कामाला कडक पण नीट ऐकून घेणाऱ्या. त्यांची अडचण वाजवी होती. कमरेपासून म्हणजे किती उंचीवरून? माणसागणिक कंबर वेगळी. पुन्हा अस्पष्टच. मी तीन फुटांबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात उकंडभाऊंनी माझ्या कोपराला हात लावला.

"म्याडम, मैं दिखाता हूँ," ते म्हणाले आणि पिशवीतून गोणपाट काढलं. सकाळी वलगावहून आणलेली माती. त्यांनी तीन लाडू केले. पहिला गुडघ्यापासून सोडला, भुगा. दुसरा कमरेपासून, भुगा. मग माझ्या खुर्चीवर चढले, मी खुर्ची धरून उभी, आणि डोक्यावरून तिसरा सोडला. भुगा. मग दुसरी पुडी काढली, ओल्या मातीची. त्यातलाही एक लाडू खुर्चीवरूनच सोडला. तो थपकन पडला आणि चपटा होऊन तसाच राहिला.

"ऊंचाई से नहीं फूटता, म्याडम," खुर्चीवरूनच ते म्हणाले. "ओलावा बराबर रहा तो फूटता. मेरी कमर छोटी है, आपकी बड़ी होएंगी. मिट्टी को क्या मालूम?"

अधिकारी बाई काही वेळ पडद्यावरून माझ्या फरशीकडे पाहत होत्या. मग त्यांनी विचारलं की हीच कृती मूळ अर्जातल्या वर्णनात आहे का. मी पान आणि ओळ सांगितली. लेखी द्या, त्या म्हणाल्या. मी दिलं. ऑफिसची फरशी मला दोनदा पुसावी लागली.

काही महिन्यांनी पेटंट मंजूर झालं. मी दाखला घेऊन वलगावला गेले. उकंडभाऊंना इंग्रजी येत नव्हतं, त्यांनी फक्त तो एक शब्द कुठे आहे ते दाखवायला सांगितलं. दाखवला. त्यांनी बोट ठेवून तो किती लांब आहे तेवढं पाहून घेतलं.

"आता कोणी हे कडं बनवू शकत नाई?"

"तुम्हाला विचारल्याशिवाय नाही."

"विचारलं तं बनवा म्हणीन. पण त्या शब्दाखालचं वाचून बनवा म्हणीन." त्यांनी दाव्याचं मराठी भाषांतर माझ्याकडून करून घेतलं, प्लास्टिकच्या पाकिटात घातलं आणि रोपवाटिकेच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलं. अकोल्याच्या ठेकेदाराला त्यांनी त्याची एक प्रत टपालाने पाठवली. सोबत पत्र वगैरे काही नाही. पाटी निघाली, असं नंतर कळलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं महिन्याभरात बरंचसं परत आलं, हात आला नाही. मी मध्ये दोनदा जाऊन आले. खाटेवर बसून असायचे, माझ्याशी ट्रेडमार्कच्या गोष्टी करायचे. मातीचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही.

शेवटची गेले ती जुलैत, चांगला पाऊस होऊन गेल्यावर. शेजारच्या वावरात संत्र्याची कलमं लावायची होती, कड्यांत. वावराचा मालक आणि चार बाया मजुरीला आलेल्या, सगळे बांधावर खोळंबून उभे. उकंडभाऊंना खुर्चीत बसवून तिथे आणलं होतं. सून ज्योती बाजूला उभी होती. मी आले हे त्यांनी पाहिलं आणि मान हलवली.

ज्योतीने त्यांच्या हातात माती दिली. उजव्या हातात, तोच त्यांनी पुढे केला होता, डाव्या हाताने उचलून. बोटं आपोआप मिटत नव्हती, ती त्यांनी डाव्या हाताने मिटवली. बराच वेळ मूठ धरून बसले. आम्ही सगळे त्या मुठीकडे पाहत होतो.

"झाला वाफसा," ते म्हणाले. "लावा."

मालकाने बायांना खूण केली. त्या टोपली उचलायला वाकल्या.

ज्योती हलली नाही. तिने सासऱ्याच्या मुठीतून ती माती काढून घेतली, आपल्या हातात आवळली आणि कमरेजवळ धरून सोडली. लाडू मऊ आवाज करून पडला. फुटला नाही. तिने दुसरी मूठ घेतली, दुसऱ्या जागेवरची. तोही फुटला नाही.

"मामाजी," ती म्हणाली, "नाई झाला."

मालक घड्याळ पाहत होता. उकंडभाऊ त्या दोन लाडवांकडे पाहत राहिले. मग आपल्या उजव्या हाताकडे. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"मजूर आले हायेत भाऊ," मालक म्हणाला. "तुमी म्हणता तं लावून टाकू. तुमच्याहून कोणाले जास्त समजते?"

"त्या कागदात माहं नाव पाहून लावा असं नाई लिहेल," उकंडभाऊ म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द नीट आले. "तिचं ऐका. परवा या."

मालक काहीतरी पुटपुटत गेला. बायांनी टोपल्या पालथ्या घातल्या आणि त्याच्या मागे निघाल्या. ज्योतीने खुर्चीपाशी बसून त्यांच्या तळव्याला चिकटलेला चिखल पदराने पुसायला घेतला. त्यांनी हात तिच्याकडे दिला आणि ती पुसत होती तोवर विचारत राहिले, किती लागला होता, कुठं लागला होता, सगळ्या तळव्याले का नुसता बोटाईले. ती एकेक सांगत होती.